ट्रायकोकार्ड आणि तणनाशक : एक एकर टोमॅटोतल्या नोंदी

९ जून

यंदा पावसाने मे महिन्यातच गाठलं. बेड पाडून तयार, मल्चिंग पेपर अंथरायचा बाकी, तेवढ्यात हरळी, लव्हाळा, केना, काँग्रेस गवत सगळं एकदमच वर आलं. वाफसा नाही म्हणून खुरपं चालेना. बायांना चारशे रुपये रोज कबूल केला तरी त्या द्राक्षबागेच्या कामाला गेल्या, कारण तिथे चिखल कमी. आमचं वावर दिंडोरी तालुक्यात आहे, इथे द्राक्षवाल्याशी मजुरीत कोण बरोबरी करणार. अण्णांचं (माझे वडील) म्हणणं एकच : "पंप उचल अन् मार."

मारायला माझी ना नाही. गेल्या हंगामात फळ पोखरणाऱ्या अळीसाठी सहा वेळा ट्रायकोकार्ड (अळीवरच्या बारीक मित्रमाशा ज्यातून निघतात ते कागद) लावली आणि त्याच दिवसांत सरीत, बांधावर तणनाशक मारत राहिलो. अळी हटली नाही. मी शिव्या कार्डांना घातल्या. पुतणी नाशिकला बी.एस्सी.ला आहे, प्राणिशास्त्र घेऊन. सुट्टीत घरी आली तेव्हा म्हणाली, "काका, गवताचं औषध त्या माशांना लागत नसेल कशावरून?" तणनाशक गवत मारतं, माशीला काय होतंय, असं म्हणून मी विषय उडवला. रात्री शेडमधल्या डब्यांची पत्रकं बॅटरीच्या उजेडात वाचली. माझ्याकडच्या तिन्ही डब्यांवर मित्रकीटकांबद्दल एक अक्षर नाही.

तर यंदा घरच्या घरी बघायचं ठरवलंय. कुणाला करून बघायचं असेल तर आमच्या चुका वाचून करा, पैसे वाचतील.

ज्यांनी कार्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच : ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या गणगोतातली, पण जेमतेम अर्धा मिलिमीटरची माशी. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, त्यामुळे त्या अंड्यातून अळी निघतच नाही, माशी निघते. प्रयोगशाळेत तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांवर तिला वाढवतात आणि ती अंडी डिंकाने कागदावर चिकटवतात. एका कार्डावर साधारण २० हजार अंडी.

१४ जून

पहिला दिवस वाया. दुकानात "ट्रायको द्या" म्हणालो. त्याने पुडा दिला, मी गाडीच्या डिकीत टाकला, घरी येऊन बघतो तर ट्रायकोडर्मा. बुरशी! मुळकुजीला चालेल म्हणून ठेवून घेतलं, पण पेट्रोल गेलं. पुरतं नाव सांगा आणि कागदाचं कार्ड डोळ्यांनी बघून घ्या.

१९ जून

काल लागवड झाली. आज कार्ड आली, एका प्रयोगशाळेतून मागवलेली, कुरिअरने. पाकीट उघडलं तर आतून बारीक पूड उडाल्यासारखं झालं आणि क्षणात खिडकीकडे गेलं. पुतणी ओरडली, "काका, त्या माशाच आहेत!" वाटेतच निघाल्या होत्या. दोन कार्डं आमच्या ओसरीत मोकळी झाली. ओसरीत अळी पडणार नाही एवढी खात्री झाली.

कार्डाच्या मागे माशी निघण्याची अंदाजे तारीख लिहिलेली असते. ती आम्ही मागवताना विचारलीच नव्हती. यापुढे निघायला किमान तीन दिवस असतील तरच घ्यायचं आणि शक्यतो स्वतः जाऊन आणायचं.

२४ जून

नवीन कार्डं पुतणीने बसने येताना आणली, थर्मासच्या डब्यात, तळाला बर्फाची पिशवी आणि वर वर्तमानपत्राची घडी. अंडी काळी आहेत, म्हणजे आत माशीचा कोष आहे. पांढरट असतील तर परजीवीकरण, म्हणजे माशीने आत अंडं घालणं, झालेलं नाही किंवा नुकतंच झालेलं आहे. हे फरक उन्हात धरून बघा, ट्यूबलाइटखाली सगळं सारखंच दिसतं.

प्रयोगाची मांडणी : होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या, ३० नग. फवारणीला करतो त्याच प्रमाणात औषध पाण्यात कालवायचं, बाटलीच्या आत फिरवून ओतून टाकायचं, बाटली उपडी ठेवून सुकवायची. आत औषधाचा पातळ थर राहतो. मग माशा सोडायच्या आणि २४ तासांनी मेलेल्या मोजायच्या. जगभर कीटकतज्ज्ञ काचेच्या तुकड्यांवर हेच करतात, आमची काच गोल एवढाच फरक.

औषधं चार घेतली. मेट्रिब्युझिन, कारण टोमॅटोत तेच मारतो. क्विझालोफॉप, शेजारच्या कांद्यात चालतं आणि वाऱ्याने आमच्याकडे येतं. पॅराक्वाट, द्राक्षबागेतलं. आणि ग्लायफोसेट. केंद्राने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणले, परवानाधारक कीडनियंत्रकाशिवाय कुणी वापरायचं नाही असं ठरलं. पण बांधाबांधावर काय चालतं ते मी सांगायला नको. शेडमध्ये जुना डबा होता, त्यातलं फक्त बाटल्यांपुरतं काढलं.

पॅराक्वाटला उतारा नाही, पोटात गेलं तर माणूस वाचवणं फार अवघड. त्या बाटल्यांना लाल दोरा बांधला, हातमोजे घातले आणि काम झाल्यावर त्या कुणाच्या औषधाला पुन्हा लागणार नाहीत अशा फोडून पुरणार आहे. घरात लहान पोरं असतील तर हे औषध वगळलेलं बरं.

२६ जून

माशा निघाल्या. बाटलीत कशा घालायच्या हा प्रश्न होता, कारण चिमटीत धरायची गोष्टच नाही. पुतणीने युक्ती केली. कार्डाचा तुकडा असलेली बाटली काळ्या कापडात गुंडाळली, तिच्या तोंडाला दुसरी बाटली तोंड लावून धरली आणि दुसरीचा बूड खिडकीकडे केला. माशा उजेडाकडे जातात. पाच मिनिटांत तीस-पस्तीस जणी पलीकडे चालत गेल्या. चालत, उडत नाही. भिंगातून बघितलं तर डोळे लालभडक, आणि सगळ्या एका दिशेने निघालेल्या, यात्रेला निघाल्यासारख्या.

बाटल्यांच्या तोंडाला जुन्या ओढणीचं मलमल बांधलं. मधाचा थेंब आत टाकला, खायला.

२७ जून

पहिला प्रयोग पूर्ण फसला. साध्या पाण्याच्या बाटल्यांत, म्हणजे औषध नाहीच तिथे, निम्म्याहून जास्त मेलेल्या. काही बाटल्यांत माशाच नाहीत. दोन्हींची कारणं शोधायला दिवस गेला.

मलमलीच्या विणीतून अर्ध्या मिलिमीटरची माशी आरामात बाहेर जाते. ओढणी कितीही घट्ट बांधा. आणि मधाचा थेंब म्हणजे त्यांच्यासाठी तळं. भिंगाखाली थेंबाच्या कडेला पंख चिकटून पडलेल्या दिसल्या.

दुरुस्ती : गावातल्या शिंप्याकडून ब्लाउजच्या अस्तराचं घट्ट विणीचं काळं कापड घेतलं. मध पाण्यात पातळ करून टाचणीच्या टोकाने कागदाच्या पट्टीवर रेघ ओढायची, थेंब नाही, रेघ. पट्टी आत टाकायची.

३० जून

दुसरा प्रयोगही गेला. बाटल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्या होत्या. दुपारी दोन तास ऊन पडलं, पावसाळ्यातलं चटका देणारं ऊन, आणि संध्याकाळी सगळ्या बाटल्यांत, पाण्याच्या सुद्धा, एकही हलेना. काचेच्या आतल्या बाजूला वाफ साचलेली. माझीच चूक, पुतणी म्हणत होती घरात ठेवा.

आता जुन्या घरातली मधली खोली. मातीच्या भिंती, एक खिडकी, भर दुपारीही गार. आजीच्या वेळी तिथे लोणच्याच्या बरण्या असायच्या.

कार्डं संपली. पुन्हा मागवली.

३ जुलै

एक वेगळीच भानगड. शेजारच्या भाऊंकडून पंप मागून आणून टोमॅटोवर बुरशीनाशक मारलं होतं. आठ दिवसांनी शेंडे वळले, पानं दोऱ्यासारखी बारीक निघाली. व्हायरस म्हणून घाबरलो. नंतर कळलं, त्या पंपातून आधी मक्यात २-४-डी मारलं होतं आणि तो नीट धुतला नव्हता. दोन ओळी बसल्या. याचा माशांशी संबंध नाही, पण तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर रंगाने लिहा. आम्ही आता लिहिलंय : "गवत".

७ जुलै

या वेळी जमलं. प्रत्येक औषधाच्या तीन बाटल्या. मोजायला पांढरा कागद आणि दहापटीचं भिंग. पंखा बंद. मोजताना श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर मेलेल्या उडून जातात. रंगाच्या कुंचल्याचा एकच केस शिल्लक ठेवून बाकीचे कापले, त्याने हलवून बघायचं. पाय हलला की जिवंत.

पहिला कागद मी मोजला, तोच पुतणीने मोजला. आकडे जुळले नाहीत. ती अडखळणाऱ्या माशीला जिवंत धरत होती, मी मेलेली. ठरवलं : चालत असेल तरच जिवंत.

आकडे असे (एकूण माशा, मग त्यातल्या मेलेल्या) :

पाणी : ११२ पैकी १६.
मेट्रिब्युझिन : १०८ पैकी २०.
क्विझालोफॉप : ९९ पैकी ५१.
पॅराक्वाट : ९३ पैकी ७३.
ग्लायफोसेट : ९७ पैकी ६९.

पाण्यातही मरतातच, म्हणून ते वजा करायला ॲबट यांचं १९२५ सालचं सूत्र वापरतात : औषधातली मर उणे पाण्यातली मर, भागिले शंभर उणे पाण्यातली मर, गुणिले शंभर. त्याने मेट्रिब्युझिन ५ टक्क्यांच्या आत येतं, क्विझालोफॉप ४३, ग्लायफोसेट ६६, पॅराक्वाट ७५. आंतरराष्ट्रीय कीटकतज्ज्ञांच्या वर्गवारीत प्रयोगशाळेतली मर ३० टक्क्यांच्या खाली असेल तर निर्धोक, ३० ते ७९ म्हणजे थोडं घातक. म्हणजे आमची तीन औषधं "थोडं घातक" या रकान्यात.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "गवताचं औषध माशी मारतं तर अळीलाच का नाही मारत?" प्रश्न चांगला आहे, हसण्यावारी नेऊ नका. अळीचं वजन आणि त्या माशीचं वजन यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. काचेच्या भिंतीवरचा पातळ थर अळीला जाणवणारही नाही.

९ जुलै

रात्री झोप लागेना. ग्लायफोसेट झाडाची जी क्रिया बंद पाडतं ती कीटकांच्या शरीरात नसतेच. मग ६६ टक्के कशाने?

सकाळी ते द्रावण कसं बनवलं हे वहीत बघितलं. माझ्याच अक्षरात : "ग्लायफोसेट + स्टिकर" (फवारा पानाला चिकटून राहावा म्हणून घालतात ते द्रव्य). सवयीने. शेतात स्टिकर टाकल्याशिवाय आम्ही कधी तणनाशक मारत नाही, म्हणून बाटलीतही टाकला. बाकी तीन औषधांत स्टिकर नव्हता. म्हणजे तुलना मुळातच वाकडी होती, आणि आकडे बघून खूश होताना दोन दिवस हे आमच्या ध्यानात आलं नाही.

स्टिकरची जोड कशी तपासायची, तर तीन गट हवेत : नुसतं ग्लायफोसेट, ग्लायफोसेट आणि स्टिकर, आणि नुसतं पाणी आणि स्टिकर. परत कार्डं. परत पैसे.

१६ जुलै

तिन्ही गट झाले, आधीच्याच पद्धतीने, पाण्याचा गटही नव्याने (मर जवळपास तीच आली).

ग्लायफोसेट, स्टिकरशिवाय : १०४ पैकी ४० मेल्या. पाण्याची मर वजा करून २८ टक्के.
पाणी आणि स्टिकर, औषध नाहीच : १०१ पैकी ६२. वजा करून ५५ टक्के.
ग्लायफोसेट आणि स्टिकर : पुन्हा ६० च्या वरच.

म्हणजे ज्याला आम्ही "काही नाही, नुसतं चिकटवणारं" म्हणतो, तेच माशीला जास्त महागात पडतं. भिंगाखाली कारण दिसलं. स्टिकरच्या बाटलीत मेलेल्या माशांचे पंख काचेला सपाट चिकटलेले, जणू कुणी इस्त्री केली. काही जिवंत होत्या, पण पुढचे पाय एकमेकांवर घासत एकाच जागी गोल फिरत होत्या. आम्ही एकीला पंधरा मिनिटं बघितलं. ती पुढे गेलीच नाही.

ग्लायफोसेटच्या डब्यातसुद्धा द्रावण पानावर पसरवणारी द्रव्यं आधीच घातलेली असतात, त्यामुळे त्या २८ टक्क्यांतलं औषधाचं किती आणि सोबतच्या द्रव्याचं किती हे आमच्या बाटल्यांतून वेगळं काढता येत नाही. क्विझालोफॉपचंही तेच, ते तेलकट द्रावकात येतं. मेट्रिब्युझिन भुकटी आहे, तेलही नाही, स्टिकरही टाकला नव्हता. ते सगळ्यात कमी घातक निघालं याचं मला आता नवल वाटत नाही.

हे आकडे जास्तीत जास्त वाईट स्थितीचे आहेत. बाटलीत माशीला पळायला जागा नाही. शेतात ती पानाच्या खालच्या बाजूला असते, फवारा सरीत खाली जातो. बाटलीत मेली म्हणजे शेतात मेलीच असं नाही. बाटलीत वाचली तर मात्र शेतात वाचण्याची शक्यता बरीच.

१८ जुलै

कार्ड लावल्यावर, माशी निघायच्या आधी फवारा पडला तर? कार्डाचे तुकडे द्रावणात पाच सेकंद बुडवले. बाहेर काढले तर कार्ड कोरं! डिंक पाण्यात सुटला आणि अंडी तळाला. हे आधी सुचायला हवं होतं. पुतणी खूप हसली, मीही हसलो, पण २०० रुपयांचं कार्ड होतं.

बुडवायचं नाही. केशकर्तनालयात पाणी मारायला असते तसली बाटली घ्यायची आणि एक हात लांबून दोन फवारे द्यायचे.

२९ जुलै

नागपंचमी. दुपारी पुरणाचे दिंड खाऊन मोजायला बसलो. प्रत्येकी २०० काळी अंडी. माशी निघाली की अंड्याला गोल भोक पडतं, तेच मोजायचं. पाणी १७१, मेट्रिब्युझिन १६८, ग्लायफोसेट-स्टिकर १५८, पॅराक्वाट १३९, क्विझालोफॉप १२१.

अंड्याचं कवच आतल्या कोषाला बऱ्यापैकी राखतं. बाटलीत ६६ टक्के मारणाऱ्या ग्लायफोसेट-स्टिकरने इथे फार फरक पाडला नाही. क्विझालोफॉप मात्र इथे सगळ्यात वाईट, बहुधा तेलकट द्रावक कवचातून आत जात असावं. हा माझा अंदाज, सिद्ध केलेलं नाही.

कामाची गोष्ट एवढी : फवारा टाळताच येत नसेल तर तो कार्डावरची अंडी काळी असताना मारलेला परवडतो. माशा निघाल्या त्या दिवशी किंवा नंतरच्या तीन-चार दिवसांत मारू नका.

२ ऑगस्ट

प्लॉट फुलावर आहे, तारकाठी (झाडांना तार-बांबूचा आधार) झाली. आता शेतात. एकरी दोन कार्डं, तुकडे कापून पानाच्या खाली स्टेपल केले, संध्याकाळी पाचनंतर. आम्हाला मिळतं ते ट्रायकोग्रामा किलोनिस. टोमॅटोसाठी प्रीशिओसम ही जात जास्त सांगतात, कारण टोमॅटोच्या पानावरची चिकट लव सगळ्याच जातींना मानवत नाही, पण ती वेळेवर मिळाली नाही.

बांधांचं असं ठरवलं : पूर्वेच्या बांधावर तणनाशक मारायचं, पश्चिमेचा तसाच ठेवायचा. पश्चिमेला एकदांडी भरपूर फुललीय. माशीला मध लागतो, बाटलीत बघितलं होतं : मधाची पट्टी नव्हती तिथे दोन दिवसांत बहुतेक संपल्या, पट्टी होती तिथे आठवडा टिकल्या. शेतात मधाची पट्टी म्हणजे बांधावरची फुलं.

अण्णांचा विरोध आहे, आणि तो खोटा नाही. पश्चिमेच्या बांधावर काँग्रेस गवत आणि पांढरी माशीही आहे. पांढरी माशी म्हणजे पर्णगुच्छ, पानं वळवणारा व्हायरस. त्यामुळे काँग्रेस उपटून काढलं, हाताने, फुलायच्या आत. एकदांडी ठेवली. दोन माणसांची अर्धी पाळी गेली.

५ ऑगस्ट

मुंग्या! पहिल्या लावणीतली जवळपास निम्मी कार्डं काळ्या मुंग्यांनी साफ केली. बांबूवरून चढतात, तारेवरून येतात, आणि अंडी एक-एक करून नेतात. कागदावर नुसता डिंकाचा डाग राहतो. पोळ्याच्या आधी घरातला रवा जसा जातो तसं.

उपाय : तुकडा पानाला न लावता दोऱ्याने फांदीला टांगला आणि दोऱ्याला व्हॅसलिन लावलं. वेळ दुप्पट लागतो, पण चाललं.

११ ऑगस्ट

मी बाजार समितीत पिंपळगावला होतो. अण्णांनी रिकाम्या वेळेत पश्चिमेचा बांध अर्ध्यापर्यंत मारून टाकला, स्टिकर टाकून. "गवत गुडघ्याला लागलं होतं, लोक काय म्हणतील." बांध स्वच्छ नसेल तर शेतकरी आळशी, हा आमच्याकडचा नियम तुम्हालाही माहीत असेल. दोन दिवस बोललो नाही. मग लक्षात आलं की त्यांना मी बांधाचं काय चाललंय ते नीट समजावलंच नव्हतं, नुसतं "मारू नका" एवढं सांगितलं होतं.

उरलेला अर्धा पश्चिम बांध हाच आता आमचा "फुलांचा" बांध. पट्टी लहान झाली.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा, बैलांची कामं आहेत, म्हणून आजच मोजणी उरकली.

पद्धत : परजीवीकरण न झालेली, पांढरट अंडी असलेले कागदाचे बारीक तुकडे प्लॉटमध्ये टांगायचे, ४८ तासांनी काढायचे, घरी चार दिवस ठेवायचे. माशीने अंडं घातलं असेल तर ते काळं पडतं. म्हणजे माशी तिथे खरोखर काम करते आहे का हे कळतं. दोन्ही बांधांपासून सारख्या अंतरावर, प्रत्येकी सहा तुकडे, प्रत्येक तुकड्यावर २० अंडी.

फुलांच्या बाजूला १२० पैकी ३१ काळी. जळालेल्या बांधाच्या बाजूला १२० पैकी १२.

या दिवसांत वारा पश्चिमेकडून असतो. माशा वाऱ्यासोबत वाहत जायच्या तर त्या पूर्वेला, म्हणजे जळालेल्या बांधाकडे जास्त मिळायला हव्या होत्या. तिथेच कमी मिळाल्या. हे मला बाटल्यांच्या आकड्यांपेक्षा जास्त बोलकं वाटतं. पण एक प्लॉट, एक वेळ, बारा तुकडे. पूर्वेच्या बाजूला मुंग्याही जास्त आहेत, तेही असू शकेल. पुतणीने वहीत "पुन्हा करणे" असं तीन वेळा लिहिलंय.

कीटकनाशकाबद्दल : जुलैच्या शेवटी फुलकिड्यांसाठी एक फवारणी करावीच लागली. त्यानंतर आठ दिवस शेतात एकही माशी मिळाली नाही. बाटलीत बघायची गरजही नव्हती. तणनाशक मोठा गुन्हेगार आहे असं या नोंदींवरून कुणी समजू नये. पण कीटकनाशक मारताना आपण निदान कार्डांचा विचार तरी करतो. तणनाशक मारताना करत नाही.

३० ऑगस्ट

आतापर्यंतचा खर्च, घरचा वेळ सोडून : कार्डं ११, त्यातली उपयोगी पडली सहा. कार्डांचे आणि येण्याजाण्याचे मिळून २,९०० रुपये. बाटल्या, भिंग, अस्तराचं कापड, व्हॅसलिन असं साधारण ६५०. ट्रायकोडर्माचा पुडा धरलेला नाही, तो वापरला. वेळ : पहिले २७ दिवस (९ जून ते ५ जुलै) वापरता येईल असा एकही आकडा मिळाला नाही.

गणपतीत मजूर नाहीत, तोडणी घरच्यांनीच केली. पोखरलेली फळं मोजायची राहिली. हे व्हायला नको होतं, कारण शेवटी तोच आकडा गाळ्यावर मोजला जातो. तोडताना डोळ्याने वाटलं ते लिहीत नाही.

६ सप्टेंबर

पुढच्या लावणीसाठी बदल. तणनाशक सरीपुरतं, नोझलला हुड (फवारा बाजूला उडू नये म्हणून टोपण) लावून, सकाळी वारा पडलेला असताना. स्टिकर टाकायचा नाही, पाऊस नसलेला दिवस बघून मारायचं. कार्डाची तारीख आणि फवाऱ्याची तारीख एकाच कॅलेंडरवर, स्वयंपाकघराच्या दारामागे, जिथे अण्णा दुधाचा हिशेब लिहितात.

पश्चिमेच्या बांधावर एकदांडीऐवजी बडीशेप आणि कोथिंबीर पेरायची. बारीक उघडी फुलं आहेत, माशीला मध सहज मिळेल, आणि लोकांना ते पीक वाटेल, गवत नाही. अण्णांना हे पटलं. फक्त ते म्हणतात बडीशेपेऐवजी सगळी कोथिंबीरच लाव, दर चांगला आहे. मी म्हटलं, फुलावर येईपर्यंत कापायची नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत, बियाणं किती लागेल तेवढं विचारलं.

स्टिकरचे दुकानात मिळणारे दोन वेगळे प्रकार पुतणी दिवाळीच्या सुट्टीत बाटल्यांत बघणार आहे. कार्डं सांगून ठेवली आहेत, या वेळी निघायची तारीख विचारून.